‘कुलबाब कुलकानू’ : सनदेतल्या एका ओळीचा माग

‘कुळबाप कुळकानू हल्ली पट्टी पेस्तर पट्टी जल तरु तृण काष्ठ पाषाण निधि निक्षेप.’ ही ओळ आमच्या घरात तीन पिढ्या पाठ आहे. पणजोबांनी एका मोडी सनदेवरून, म्हणजे सरकारने जमीन दिल्याच्या पत्रावरून, बाळबोधीत (देवनागरीत) उतरवून काढलेली नक्कल घरात होती, तिच्यातली ही ओळ. अर्थ कुणाला धड सांगता येत नव्हता, पण आत्या ती अजूनही अथर्वशीर्षासारखी एका दमात म्हणते. ‘कुळबाप’ म्हणजे आमचा मूळपुरुष आणि ‘कुळकानू’ म्हणजे त्याचा धाकटा भाऊ कान्होबा, अशी घरातली समजूत. पितृपक्षात मूळपुरुषाच्या पाठोपाठ कानूचंही नाव घेतलं जायचं.

या ओळीचा अर्थ लावायला मला सप्टेंबर २०२३ पासून पुढच्या जूनपर्यंतचा काळ लागला. जुन्या दस्तात एखादा शब्द सापडतो, कोशात तो नसतो किंवा असून दिसत नाही, विचारायचं कुणाला तेही कळत नाही. अशांच्या उपयोगी पडावं म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

सुरुवात वाटणीपत्रापासून झाली. गाव सातारा जिल्ह्यात, कृष्णेच्या काठचं. तिथली सामाईक जमीन चुलत भावंडांनी वाटून घ्यायचं ठरवलं आणि वकिलांनी असतील नसतील ते सगळे जुने कागद मागवले. चुलतभावाने सातबारा, आठ-अ, फेरफार आणि त्याच फायलीत पणजोबांची नक्कल स्कॅन करून पाठवली. मी नोकरीत हिशेबखात्यात आहे. ओळ वाचताना नजर ‘पट्टी’वर अडली. घरपट्टी, पाणीपट्टी आपण भरतोच. पट्टी म्हणजे कर. मग करांच्या यादीत आधी दोन भावांची नावं कशी आली? आणि नावं असतील तर पुढे ‘यांसी’ नाही, ‘यांनी’ नाही, कुठलाही प्रत्यय नाही. नुसती नावं टाकून कोणताही कारकून वाक्य पुढे नेणार नाही.

पहिले काही आठवडे घरबसल्या कोश पाहण्यात गेले. हे काम फुकट होतं. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (सात विभाग, १९३२ ते १९३८) दोन्ही शोधता येतात. ‘कुळबाप’ घालून काहीच निघालं नाही. पण शब्द सुटे करून घातल्यावर वाट दिसू लागली. ‘पेस्तर’ म्हणजे पुढचा, येणारा. पेस्तर साल म्हणजे येतं वर्ष. ‘हल्ली’ तर आपण रोज वापरतो, तो अरबीतल्या ‘हाल’पासून आलेला, आत्ताचा. म्हणजे हल्ली पट्टी हा आज चालू असलेला कर आणि पेस्तर पट्टी हा पुढे बसेल तो. इथपर्यंत ओळीचा मधला भाग सुटला. कोशात शोधणाऱ्यांना एक सांगते : जुन्या शुद्धलेखनात शेवटच्या अक्षरावर अनुस्वार असतात (केलें, दारिद्र्यें), ऱ्हस्व-दीर्घ वेगळं असतं. एका रूपात मिळालं नाही तर दुसऱ्या रूपात बघा आणि जोडशब्द नेहमी तोडून बघा.

कुळबाप मात्र तसाच राहिला. तो सुटला वकिलांच्या ऑफिसात. ऑक्टोबरमध्ये सह्यांसाठी गेले होते, तर माझ्या अमेरिकेतल्या भावाच्या वतीने करायच्या दस्तावर मोठ्या अक्षरात छापलं होतं : कुलमुखत्यारपत्र. कुळ नव्हे, कुल. सगळ्या बाबतींतला मुखत्यार. हा अरबी ‘कुल’, म्हणजे सर्व, समस्त. आपल्या कुळाशी त्याचा काही संबंध नाही. तिथेच खुर्चीवर बसून फोनवर पुन्हा पणजोबांची नक्कल उघडली आणि ‘कुल बाप’ असं म्हणून पाहिलं. सगळे बाप? काही जुळेना. पण ‘कुल बाब’ म्हटलं की जुळत होतं. बाब म्हणजे कलम, खातं, जमेची एक रक्कम. अरबीत बाब म्हणजे दार आणि त्यावरून ग्रंथाचं प्रकरण, हिशेबाचं सदर. आमच्या खात्यात आजही ‘ही रक्कम कोणत्या बाबीखाली टाकायची’ असंच विचारतात.

हा तर्कच होता. पणजोबांनी ‘प’ लिहिलं आहे आणि मला ‘ब’ हवा आहे, एवढ्यावर अर्थ ठरवता येत नाही. मूळ मोडी कागद बघितल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नव्हता.

मूळ सनद साताऱ्याला चुलतकाकांकडे, देवघराच्या वरच्या फडताळात, मांजरपाटात गुंडाळलेली. चुलतभावाने ती पूर्वी एकदा ओळखीतल्या एकांकडून वाचून घेतली होती. त्यांना सोयीचं जावं म्हणून सोबत पणजोबांची नक्कलही दिली होती. साहजिकच त्यांनी जे लिहून दिलं त्यातही ‘कुळबाप कुळकानू’च होतं. म्हणून ही सूचना अगदी ठळकपणे करते : मोडी वाचून घेताना जुनं लिप्यंतर सोबत देऊ नका. वाचणाऱ्याचा डोळा नकळत त्याच्या मागून जातो. आधी स्वतंत्र वाचन घ्या, मग दोन्ही शेजारी ठेवा.

दिवाळीत साताऱ्याला जाऊन फोटो काढले. सकाळच्या उजेडात, खिडकीशी, फ्लॅश बंद ठेवून. आधी पूर्ण कागदाचा एक, मग चार-चार ओळींचे जवळून, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतली शेवटची ओळ येईल असे. घड्यांवर कागद विरला होता, तिथे काकांनी मागे कधीतरी चिकटपट्टी लावलेली, ती पिवळी पडून अक्षरांवर डाग आले आहेत. कृपा करून अशा कागदांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. आम्ही आता कागद सपाट ठेवून, आम्लरहित पुठ्ठ्याच्या फोल्डरमध्ये ठेवला आहे. फोल्डरला तीनशे रुपये पडले.

मोडी वाचक शोधायला निघाले तो काळ नेमका सगळ्यांत अवघड. मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली होती, जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी मोडी दप्तरं उघडली जात होती आणि मोडी वाचता येणारं माणूस म्हणेल त्याला हवं होतं. मी फोन केलेल्यांपैकी बहुतेकांनी ‘मार्चनंतर बघू’ सांगितलं. घाईचे दुप्पट पैसे मागणारेही भेटले. शेवटी साताऱ्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी होकार दिला. पानाला सातशे रुपये, दोन पानांचे चौदाशे. मुदत महिनाभराची सांगितली, हाती पडलं फेब्रुवारीत. त्यांच्याकडे कामाचा ढीग होता आणि त्यातल्या बऱ्याच लोकांची दाखल्याची तारीख जवळ आली होती, त्यामुळे थांबण्याचं वाईट वाटलं नाही.

सरांकडे बसून कागद वाचला ती दुपार मला फार मोलाची वाटते. त्यांनी पहिल्यांदा शेवट काढला. ‘कागद आधी शेवटून बघायचा, ताई. काळ कळला की शब्द कळतात.’ शेवटी तारीख होती : ‘छ ११ जिल्काद सु॥ इसन्ने सबैन मया व अलफ.’ छ म्हणजे चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्याची तिथी. सु॥ म्हणजे सुहूर सन, मराठी दफ्तरातली जुनी कालगणना. पुढचे चार शब्द हे अरबी आकडे आहेत, एककापासून वर चढत जाणारे : इसन्ने दोन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११७२. सुहूर सन मृग नक्षत्रावर बदलतो, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून मृगापर्यंतच्या तारखेला ६००. जिल्काद त्या वर्षी फेब्रुवारीत आला होता. म्हणजे १७७२ च्या फेब्रुवारीचा मध्य, थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीचं शेवटचं वर्ष. त्याच नोव्हेंबरात थेऊरला ते वारले.

मग आमची ओळ. मोडीत ओळभर शिरोरेषा आधी ओढून घेतात आणि तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता अक्षरं जोडत जातात. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घ असा भेद नाही. त्यामुळे डोळ्यांना दिसत होतं ते असं : ‘कुलबाबकुलकानुहालीपटीवपेस्तरपटीजलतरुत्रुणकाष्टपाषाणनिधीनिक्षेपसहीत’. शब्द कुठे तोडायचे हे वाचणाऱ्याने ठरवायचं. सरांनी भिंगातून मला तीन जागा दाखवल्या. वर तिसऱ्या ओळीत ‘बिघे’ लिहिलं आहे, त्यातला ब. इथे ‘पटी’तला प. आणि आता कुलबा-नंतरचं अक्षर. ते बिघ्यातल्या ब-सारखं होतं, पटीतल्या प-सारखं नव्हतं. मग ‘जल’मधला ल आणि ‘कुल’मधला ल, तोही एकच. त्याच हाताने त्याच कागदावर लिहिलेलं अक्षर हाच खरा पुरावा, बाहेरच्या तक्त्यातलं नव्हे, हे सरांनी दोनदा सांगितलं. पणजोबांना मोडी उत्तम येत होतं. पण त्यांच्या पिढीला ‘कुलबाब’ हा शब्दच कानावरून गेलेला नसणार, आणि आडनावाच्या, कुळाच्या कागदात कुळ शोधणं स्वाभाविकच होतं.

‘कानू’ हा ‘कानून’चाच भाऊबंद. नियमाने, रिवाजाने चालत आलेला कर. तेव्हा कुलबाब म्हणजे जमेच्या सगळ्या बाबी, कुलकानू म्हणजे रिवाजाचे सगळे कर, हल्ली पट्टी आज बसलेल्या पट्ट्या, पेस्तर पट्टी पुढे बसतील त्या. आमच्या पूर्वजाला पाव चाहूर जमीन दिली आहे, म्हणजे तीस बिघे (एकशेवीस बिघ्यांचं एक चाहूर), आणि तिच्यावरचं हे सगळं सरकारचं येणं त्याला सोडून दिलं आहे.

लिप्यंतर घेताना दोन गोष्टी मागून घ्या. ओळीला ओळ असं लिहून घ्या, म्हणजे कागदाशी ताडता येतं. आणि लागलेला मजकूर व अंदाजाचा मजकूर वेगळ्या शाईत. सरांनी अंदाजाची अक्षरं लाल पेनाने लिहिली होती. त्यांचा अर्थही वेगळ्या कागदावर दिला होता, लिप्यंतरात मिसळला नव्हता. सरकारी कामासाठी लिप्यंतर लागणार असेल तर कुणाची सही चालते ते त्या कार्यालयात आधी विचारून घ्या, नाहीतर पैसे दोनदा जातात.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण एका कागदातल्या एका शब्दाचा अर्थ एका माणसाने सांगितला, तो खरा कशावरून, हे मनातून जाईना. मार्चपासून सुट्टीच्या आणि अर्ध्या रजेच्या दिवशी पुण्यात सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळाच्या ग्रंथालयात बसू लागले. हे मंडळ वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी १९१० साली काढलं. तिथे पहिल्यांदा हाती घेतला तो माधवराव पटवर्धनांचा, म्हणजे कवी माधव जूलियनांचा, १९२५ चा फार्शी-मराठी कोश. मंडळानेच छापलेला. दफ्तरी मराठीत अडलेल्या कुणीही पहिल्यांदा हाच कोश उघडावा असं माझं मत आहे, कारण तो फारसी शब्द मराठीत आल्यावर काय झाला ते सांगतो. फारसीत ‘पेश’ म्हणजे पुढे आणि पूर्वीही. आपल्या दफ्तरात त्याच घरातले दोन शब्द दोन दिशांना गेले : पेशजी म्हणजे मागे, पूर्वी, आणि पेस्तर म्हणजे येतं. नुसता फारसी कोश बघितला असता तर ‘पेस्तर पट्टी’चा अर्थ ‘पूर्वीचा कर’ असा उलटा लागला असता.

त्यानंतर छापील सनदा. राजवाड्यांचे साधनांचे खंड, गणेश चिमणाजी वाडांनी निवडलेल्या पेशव्यांच्या रोजनिशा, सरदेसायांनी संपादिलेले पेशवे दफ्तराचे पंचेचाळीस खंड. मी अक्षरशः पानं उलटत फक्त ही ओळ शोधत होते. आणि ती भेटत राहिली. कधी पूर्ण, कधी ‘कुलबाब कुलकानू देखील हल्ली पट्टी व पेस्तर पट्टी’ एवढीच, कधी आधी ‘स्वराज्य व मोगलाई दुतर्फा’ जोडून, म्हणजे मराठ्यांचा वाटा आणि मोगलांचा वाटा दोन्ही बाजूंचं येणं सोडलं असं. एकच शब्दसमूह निरनिराळ्या कागदांत, निरनिराळ्या गावांसाठी पाहिला की त्याच्या कडा कळतात. कोश तेवढं करू शकत नाही.

तिथेच या शब्दांची गरज माझ्या लक्षात आली. पेशवाईत जमिनीचा धारा हा एकच कर नव्हता. घरपट्टी, म्हैसपट्टी, कारागिरांवर आणि दुकानांवर मोहतर्फा, लग्नाचा लग्नटका, पाटाचं, म्हणजे विधवेच्या पुनर्विवाहाचं, पाटदाम. सरकार कर्जात आलं की कर्जपट्टी. इनाम जमिनींवरही प्रसंगी ‘इनाम तिजाई’, म्हणजे आकाराचा (ठरलेल्या साऱ्याचा) तिसरा हिस्सा. ज्याला इनाम मिळालं त्याच्या दारात उद्या गावकामगार (पाटील-कुलकर्णी) नवं नाव घेऊन उभा राहू शकत होता : हा तर सनदेत लिहिलेला कर नव्हे! म्हणून सनद लिहिणारा आधीच लिहून ठेवतो, सगळ्या बाबी, सगळे रिवाज, आजचे आणि उद्याचे. एकेक शब्द एकेक भांडण आधीच मिटवण्यासाठी घातलेला आहे. रोज कराराच्या कलमांत काम करणारी मी, मला त्या अनाम कारकुनाबद्दल खरोखर आदर वाटला. आणि ज्या भाषेत कर बसत होते, हिशेब ठेवले जात होते, त्याच भाषेत ते सोडले आहेत. म्हणून ओळीचा पहिला भाग फारसी-अरबी.

दुसरा भाग संस्कृत, आणि तो कितीतरी जुना निघाला. वाचनकक्षात समोर बसणाऱ्या एका वयस्क अभ्यासकांनी माझी वही पाहून विजयनगरचे ताम्रपट बघायला सांगितले. तिथे दानपत्रांत आठ भोगांची यादी येते : निधी, निक्षेप, जल, पाषाण, अक्षिणी, आगामी, सिद्ध, साध्य. निधी म्हणजे जमिनीत सापडलेलं बेवारस धन, निक्षेप म्हणजे ठेवलेली ठेव. आगामी म्हणजे पुढे येईल ते, सिद्ध म्हणजे हाती असलेलं. हल्ली पट्टी आणि पेस्तर पट्टी हीच जोडी तिथे संस्कृतात उभी होती. राज्यं बदलली, दफ्तराची भाषा बदलली, पण दान देताना ‘आजचं आणि उद्याचं’ लिहून द्यायची काळजी तशीच राहिली. त्या दिवशी घरी येताना मी बसच्या दोन थांबे पुढे गेले.

अर्थाचा सर्वांत महत्त्वाचा तुकडा मात्र ओळीच्या शेपटाला होता आणि घरात तो कुणीच पाठ केला नव्हता : ‘खेरीज हक्कदार व इनामदार करून’. म्हणजे आधीपासून ज्यांचे हक्क आहेत ते वगळून. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, बलुतेदार आणि आधीचे इनामदार यांचं जे काही त्या जमिनीत आहे ते तसंच राहील. आमच्या घरात ‘निधि निक्षेप’ या शब्दांवर बरंच काही उभं होतं. जमिनीतलं सोनंसुद्धा पेशव्यांनी आपल्याला लिहून दिलं होतं, असं लहानपणी अभिमानाने सांगितलं जायचं. सनद सांगते ते इतकंच की सरकारने आपला हिस्सा सोडला. इतरांचा सोडलेला नाही, तो सोडण्याचा सरकारला अधिकारही नव्हता. मला हे वाचून बरं वाटलं. गावात बलुतं करणाऱ्या घरांची नावं पुढे दुसऱ्या पानावर आहेत, त्यांच्या हक्काच्या पेंढ्यांसकट.

एप्रिलमध्ये हे सगळं आत्याला सांगायचं होतं. तिचं वय चौऱ्याऐंशी. कानू हा माणूस नव्हता हे तिला कसं सांगायचं याची मला धास्ती होती. तिच्यापुढे मोठ्या अक्षरात काढलेला प्रिंट ठेवला, सरांनी दाखवलं तसं ब आणि प दाखवलं. तिने चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं.

‘म्हणजे आमचा कानू नव्हताच म्हणतेस?’

‘माणूस नव्हता गं. कर होता.’

‘मग इतकी वर्षं आम्ही पाणी सोडलं ते?’

मला उत्तर सुचेना. तीच म्हणाली, ‘असू दे. मूळपुरुषाचं नाव काय लिहिलंय ते वाच आधी.’ ते तिसऱ्या ओळीत होतं, त्याच्या वडिलांच्या नावासह, गोत्र आणि सूत्रासह. घरातल्या वंशावळीत वडिलांचं ते नाव नव्हतं. वंशावळ एक पिढी मागे गेली. आत्याने दोन्ही नावं माझ्याकडून तिच्या डायरीत लिहून घेतली, तारीख घालून.

मे महिन्यात वकिलांकडून वाटणीपत्राचा मसुदा आला. तिसऱ्या पानावर छापील होतं : ‘सदर मिळकत त्यातील जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह दरोबस्त…’ दरोबस्त म्हणजे संपूर्ण. मी फोन करून विचारलं की हे कुठून घेतलं. वकील म्हणाले, ‘पूर्वापार फॉर्मॅट आहे, मॅडम. प्रत्येक खरेदीखतात असतं.’ खरंच असतं. तुमच्या घरातलं खरेदीखत काढून पाहा. करांचा फारसी भाग गळून गेला, कारण कर सोडून द्यायची गोष्टच उरली नाही. वैयक्तिक इनामं तर मुंबई राज्याच्या १९५२ च्या कायद्याने संपली. संस्कृत भाग मात्र दस्तऐवज लिहिणाऱ्यांच्या हातून हातात येत राहिला. त्याला आज त्या शब्दांइतकं बळ नाही हेही सांगायला हवं. जमिनीत पुरलेलं धन सापडलं आणि त्याची किंमत दहा रुपयांहून जास्त असली, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. गौण खनिजांवर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे सरकारचा हक्क आहे. भावंडांत चर्चा होऊन आम्ही शब्द तसेच ठेवले. वाटणीपत्र जूनमध्ये नोंदलं गेलं.

सनदेच्या शेवटी आणखी एक वाक्य आहे, ते कागद शोधणाऱ्यांच्या फार कामाचं : ‘प्रतिवर्षी नूतन पत्राचा आक्षेप न करणे. या पत्राची तालीक लिहून घेऊन असल पत्र भोगवटियासी परतोन देणे.’ दरवर्षी नवं पत्र मागू नका, याची नक्कल उतरवून घ्या आणि मूळ पत्र उपभोग घेणाऱ्याला परत द्या. म्हणजे मूळ कागद घरात असेल तर त्याची तालीक सरकारी दप्तरात गेलेली असण्याचा संभव असतो. आणि उलट, घरातला कागद वाळवीने खाल्ला असेल तरी सगळं संपलं असं समजू नका. इंग्रजी अमलात १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनने इनामदारांकडून कागद मागवून चौकश्या केल्या, त्या कामाचेही कागद आहेत.

त्या तालिकेसाठी मी पुण्याच्या पुराभिलेखागारात अर्ज केला आहे. अर्जात गावाचं आजचं आणि जुनं नाव, तर्फ, परगणा किंवा प्रांत, सुहूर सन, इसवी सन आणि इनामदाराचं नाव लिहा. नुसतं आडनाव लिहिलं तर शोध लागणं कठीण, कारण त्या काळच्या कागदांत बरेचदा आडनाव नसतं, नाव आणि वडिलांचं नाव असतं. कागद रुमालांत बांधलेले आहेत, रुमाल प्रांतवार, आणि आमचं गाव मधल्या काळात एका परगण्यातून दुसऱ्यात गेलेलं. तिथल्या कर्मचाऱ्यांनी दोन्ही परगण्यांच्या याद्या बघायचं कबूल केलं आहे. पहिल्या परगण्याची यादी पाहून झाली, तिच्यात आमचं गाव नाही. दुसऱ्याचं दिवाळीनंतर विचारायला या म्हणाले आहेत.